हेरेनबर्गजवळ नवीन घर बांधतोय, हीट पंप किती किलोवॅटचा घ्यावा आणि व्हेंटिलेशनचं काय?

नवंघर_हेरेनबर्ग

नमस्कार मंडळी, जर्मनीत घर बांधलेले किंवा या क्षेत्रात काम करणारे कुणी इथे असतील तर मदत हवीय. श्टुटगार्टच्या नैर्ऋत्येला, हेरेनबर्गजवळच्या एका गावात नवीन वस्तीत प्लॉट मिळालाय. घर साधारण १५० चौरस मीटर, दोन मजले, तळघर नाही, पक्क्या विटांचं आणि मधला स्लॅब काँक्रीटचा, केएफडब्ल्यू ४० दर्जाचं (केएफडब्ल्यू या सरकारी बँकेचा कमी ऊर्जा लागणाऱ्या घरांचा दर्जा) करायचं ठरलंय. आम्ही दोघं, दोन मुलं, आणि उन्हाळ्यात आई-बाबा येऊन राहतात. गॅस नको हे पहिल्यापासून नक्की होतं, छतावर सोलार तर बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये १ मे २०२२ पासून नवीन घराला कायद्यानंच लागतं, त्यामुळे हीट पंप घ्यायचा यात काही वाद नव्हता.

पण आता दोन कोटेशन हातात आहेत आणि दोन्ही वाचून डोकं गरगरतंय. पहिला म्हणतो १२ किलोवॅटचा हवेवरचा, म्हणजे बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घर तापवणारा, हीट पंप घ्या, सोबत गरम पाणी साठवायला ५०० लिटरची बफर टाकी, म्हणजे कडाक्याच्या थंडीत कमी पडायला नको, आणि व्हेंटिलेशन हवं असेल तर ते वेगळं, त्याचं आत्ता बघायची गरज नाही. दुसरा म्हणतो बाहेरचं युनिटच नको, घरातून बाहेर जाणारी हवा असते ना त्यातूनच उष्णता काढून घर तापवायचं, एकाच कपाटात हीटिंग, गरम पाणी आणि व्हेंटिलेशन सगळं, आवाज नाही, शेजाऱ्यांची कटकट नाही आणि किंमतही बरीच कमी. ऐकायला दुसरं खूपच सुटसुटीत वाटतंय आणि बायकोचा कल तिकडेच आहे.

त्यात ऑफिसमधला एक सहकारी म्हणतो हवेवरचा पंप घेऊच नकोस, जमिनीत बोअर मारून घे, एकदाच खर्च आणि मग आयुष्यभर निवांत.

आणि माझी खरी काळजी स्वयंपाकघराची आहे. आत्ताच्या भाड्याच्या घरात फोडणी घातली की खिडक्या सताड उघडाव्या लागतात, बाहेर उणे पाच असलं तरी. नवीन घर एवढं हवाबंद असणार, मग मिरचीचा खाट आणि मासे तळल्याचा वास जाणार कुठे? व्हेंटिलेशनच्या पाइपातून तोच वास बेडरूममध्ये येतो असंही कुणीतरी सांगितलं. पुढच्या महिन्यात स्लॅबचं ड्रॉइंग फायनल होतंय म्हणून जरा घाई आहे. जाणकारांनी सविस्तर लिहिलं तर फार उपकार होतील.


उष्णता_गणित

नमस्कार दादा, मी इथे एका प्लॅनिंग ऑफिसात हेच काम करतो म्हणून जरा मोठं लिहितोय, वेळ काढून वाचा.

तुमच्या दोन्ही कोटेशनमध्ये एकच गोष्ट गायब आहे, घराची उष्णतेची गरज. जर्मन भाषेत हाइत्सलास्ट म्हणतात, डीआयएन ईएन १२८३१ या नॉर्मप्रमाणे खोलीनिहाय काढायची असते. ती न काढता १२ किलोवॅट हा आकडा आला कुठून हे त्यांना लेखी विचारा. आणि हेही लक्षात घ्या की व्हेंटिलेशन कुठलं हे ठरल्याशिवाय ती गरज काढताच येत नाही, त्यामुळे "व्हेंटिलेशनचं नंतर बघू" हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकलं.

ढोबळ हिशोब मांडतो. तुमच्या भागात हिशोबासाठी धरायचं बाहेरचं तापमान साधारण उणे ११-१२ च्या आसपास येतं, हीट पंपवाल्यांच्या संघटनेचा, बुंडेसफरबांड वेर्मेपुम्पेचा, ऑनलाइन नकाशा आहे, त्यात पिनकोड टाकून नेमकं बघा. उणे १२ धरू. आत २०. म्हणजे फरक ३२ अंशांचा. केएफडब्ल्यू ४० घराच्या भिंती, छत, खिडक्या आणि फटींतून मिळून समजा ४ ते सव्वाचार किलोवॅट जातात. आता हवा. १५० चौरस मीटर गुणिले अडीच मीटर उंची म्हणजे ३७५ घनमीटर, तासाला त्यातली ४० टक्के हवा बदलायची म्हणजे १५० घनमीटर. एक घनमीटर हवा एक अंशानं तापवायला साधारण ०.३४ वॉट-तास लागतात. १५० गुणिले ०.३४ गुणिले ३२, झाले सोळाशे वॉट. ही हवा थेट खिडकीतून किंवा भिंतीच्या झडपेतून आली तर ते पूर्ण सोळाशे वॉट हीटिंगनं द्यायचे. उष्णता परत घेणारं व्हेंटिलेशन असेल आणि ते ८५ टक्के परत देत असेल तर उरतात जेमतेम अडीचशे. म्हणजे उष्णता परत घेणाऱ्या पद्धतीत घराला साधारण साडेचार किलोवॅट लागतात आणि त्याच घराला दुसऱ्या पद्धतीत सहाच्या जवळ. गरम पाण्यासाठी माणशी ०.२ किलोवॅट वर धरा, सहा माणसांचे सव्वा. तरी ६ किलोवॅटच्या आसपासचं मशीन पुरतं, १२ चं कशाला?

मोठं घेतलं तर बिघडलं काय असं वाटेल. बिघडतं. हिवाळ्यातले बहुतेक दिवस उणे १२ चे नसतात, ते अधिक ३ ते अधिक ८ चे असतात. अधिक ७ ला तुमच्या घराला लागणार १८०० वॉट, त्यातही दुपारी ऊन आत आलं, माणसं घरात असली की अजून कमी. आणि १२ किलोवॅटच्या बऱ्याच मशीनना त्या हवेत ४ किलोवॅटच्या खाली उतरताच येत नाही. मग ते काय करतं, दहा मिनिटं चालतं, बंद पडतं, परत चालू. दिवसभर हेच. कॉम्प्रेसर झिजतो आणि वीज जास्त जाते. हे लपवायला मग ती ५०० लिटरची बफर टाकी येते, ती तुमच्या पैशानं, आणि टाकीत गरम-गार पाणी मिसळतं म्हणून पंपाला दोन-चार अंश जास्त तापवावं लागतं. पाणी एक अंशानं जास्त तापवलं की विजेचा खर्च साधारण २ ते अडीच टक्क्यांनी वाढतो. म्हणून कोटेशनमध्ये किलोवॅट बघताना कमीत कमी किती हा आकडा आधी बघा, जास्तीत जास्त किती हा नंतर.

आता दुसरं कोटेशन, ते एका कपाटवालं. यात मी स्पष्टच सांगतो, केएफडब्ल्यू ४० असलं तरी १५० मीटरच्या घराला फक्त घरातल्या हवेवर चालणारा पंप पुरत नाही. बाहेर जाणारी हवा तासाला १५० घनमीटर, ती २१ अंशांवरून १ अंशापर्यंत पिळून काढली तरी २० अंशांचा फरक, १५० गुणिले ०.३४ गुणिले २०, एक किलोवॅट. हवेतल्या ओलाव्याची थोडी भर, कॉम्प्रेसरची वीज, सगळं धरून दीडच्या आसपास. आणि या पद्धतीत ताजी हवा भिंतीतल्या झडपांतून थंडच आत येते, म्हणजे वरचे सोळाशे वॉट तुमच्याच डोक्यावर. सहा लागणार आणि दीड मिळणार. बाकीचं कुठून? विजेच्या कॉइलनं, एकास एक, म्हणजे जेवढी वीज तेवढीच उष्णता. जानेवारीचं बिल बघून मग हळहळ होते. काही नव्या मॉडेलमध्ये बाहेरची हवाही मिसळून घेतात, ती बरी असतात, पण मग बाहेरचा आवाज नाही हा मुद्दाही तेवढा राहत नाही. बाहेर युनिट नाही याची भुरळ पडते हे मी समजू शकतो, पण तुमच्या घरात हे घेऊ नका.

अजून एक, हीट पंपाला ३० ते ७० टक्के अनुदान मिळतं असं कुणी सांगितलं असेल तर ते जुन्या घरात हीटिंग बदलणाऱ्यांसाठी आहे. नवीन घराला ते लागू नाही, तुम्हाला केएफडब्ल्यूचं नवीन घरासाठीचं स्वस्त कर्ज बघायचंय आणि त्याचा अर्ज काम सुरू व्हायच्या आधी जायला हवा. अटी मधूनमधून बदलतात, तुमच्या एनर्जीबेराटरकडून, म्हणजे ऊर्जा सल्लागाराकडून, आजच्या अटी लेखी घ्या.


ब्योब्लिंगेनकर

बोअर मारण्याबद्दल मी लिहितो कारण मी ब्योब्लिंगेनमध्येच राहतो आणि इथे हा विषय काढला की लोकांचे चेहरे बदलतात.

जमिनीतला हीट पंप तत्त्वतः उत्तमच आहे, शंभर मीटर खाली बारा महिने दहा-अकरा अंश असतात, कडाक्याच्या थंडीतही पंपाला त्रास नाही, बाहेर पंखा नाही, उन्हाळ्यात जवळजवळ फुकटात घर थोडं गार करता येतं. पण आपल्या भागाची जमीन वेगळी आहे. इथे खाली गिप्सकॉयपर नावाचा थर आहे, त्यात अ‍ॅनहायड्राइट असतं. त्याला पाणी लागलं की त्याचं जिप्सम बनतं आणि फुगतं, आकारमान ६० टक्क्यांपर्यंत वाढतं. बोअर नीट सील झालं नाही आणि दोन थरांमधलं पाणी त्यातून अ‍ॅनहायड्राइटपर्यंत पोचलं की जमीन वर उचलली जाते, आणि एकदा सुरू झालं की ते थांबवणं फार अवघड. श्टाउफेन इम ब्राइसगाऊला २००७ मध्ये नगरपालिकेच्या इमारतीच्या हीटिंगसाठी सात बोअर मारली, प्रत्येकी १४० मीटर खोल, आणि त्या जुन्या सुंदर गावातल्या अडीचशेच्या वर इमारतींना तडे गेले. आमच्या ब्योब्लिंगेनमध्येही बोअरमुळे दोनशेच्या आसपास घरांना तडे गेलेत. मी ती घरं रस्त्यावरून जाताना बघितलीत, खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरका वर जाणारा तडा, त्यावर काचेची पट्टी चिकटवलेली, तडा अजून हलतोय का ते कळायला. माणसं आयुष्याची कमाई घालून घर बांधतात, त्यांच्यावर असं यावं याचं फार वाईट वाटतं.

त्यानंतर राज्यानं नियम कडक केले, २०११ पासून बोअरसाठी गुणवत्तेची नियमावली आहे, आणि जिथे असा थर आहे तिथे त्याच्या वरच थांबावं लागतं. त्यामुळे तुमच्या प्लॉटवर किती खोल जायची परवानगी आहे ते आधी बघा, फ्रायबुर्गच्या भूगर्भ खात्याचं, एलजीआरबीचं, आयसाँग नावाचं ऑनलाइन पोर्टल आहे, त्यावर प्लॉटच्या जागेवर क्लिक केलं की अंदाज येतो. हेरेनबर्गच्या बाजूला, श्योनबुखच्या जंगलाच्या डोंगराच्या पायथ्याशी हाच थर आहे. खोली कमी मिळाली तर दोन-तीन बोअर लागतात आणि मग खर्चाचा मेळ बसत नाही. साडेचार किलोवॅटच्या घराला तर नाहीच बसत. माझं मत, हवेवरचा चांगला पंप घ्या आणि रात्री शांत झोपा.


काळीमिरी_उल्म

दादा, स्वयंपाकघराचं मी सांगते, आम्ही उल्मजवळ अशाच हवाबंद घरात राहतोय, उष्णता परत घेणारं मध्यवर्ती व्हेंटिलेशन आहे आणि घरात रोज दोन वेळचा आपला स्वयंपाक होतो, डब्यांसकट.

पहिली गोष्ट, वास पाइपातून बेडरूममध्ये येतो ही भीती मनातून काढून टाका. चांगल्या सिस्टीममध्ये हवा एका दिशेनंच जाते, ताजी हवा बेडरूम आणि हॉलमध्ये सोडतात, ती दाराखालच्या फटीतून पॅसेजमध्ये येते आणि स्वयंपाकघर, बाथरूम, संडासातून बाहेर खेचली जाते. म्हणजे स्वयंपाकघरातली हवा बेडरूमकडे जायला वाटच नसते. उलट आधीच्या फ्लॅटमध्ये हिंगाचा वास कपाटातल्या कोटांना लागायचा, मुलं शाळेत जायची तर मला संकोच वाटायचा, तो प्रकार इथे पूर्ण बंद झालाय. याचंच मला सगळ्यात जास्त समाधान आहे. एवढं मात्र बघा की फिरत्या चाकाचा एक्स्चेंजर असेल तर त्यातून थोडा वास परत येऊ शकतो, प्लेटवाला घ्या.

पण व्हेंटिलेशन म्हणजे चिमणी नव्हे हे पण समजून घ्या. स्वयंपाकघरातून ते तासाला ४०-६० घनमीटर हवा खेचतं. मिरचीची फोडणी तडतडली की एवढ्यानं काय होणार? त्यासाठी शेगडीवर हूड हवाच आणि तो व्हेंटिलेशनच्या पाइपाला कधीच जोडायचा नाही, आतमध्ये तूप-तेलाचा थर बसतो. इथले किचनवाले नवीन घराला सरसकट आतल्या आत फिरवणारा कोळशाच्या फिल्टरचा हूड देतात, त्यांच्या पास्त्याला तो चालतो. आपल्याला नाही चालत हो. तो तेल पकडतो, वास थोडा पकडतो, वाफ अजिबात पकडत नाही, आणि बांगडे तळले तर दुसऱ्या दिवशीपर्यंत घरात कळतं. आम्ही बाहेर हवा फेकणाराच घेतला, भिंतीत घट्ट बंद होणारी झडप असलेला बॉक्स बसवलाय, हूड बंद असला की थंड हवा येत नाही. फक्त हूड तासाला ५००-६०० घनमीटर खेचतो, तेवढी हवा आत यायला कुठूनतरी वाट हवी, म्हणून हूड लावायच्या आधी स्वयंपाकघराची खिडकी थोडी कलती करायची, आमच्याकडे खिडकीला कॉन्टॅक्ट स्विच आहे, खिडकी उघडल्याशिवाय हूड सुरूच होत नाही. फोडणीची दहा मिनिटं, बस. तेवढ्यानं घर गार होत नाही. हे सगळं भिंत बांधायच्या आधी ठरवा, नंतर विटेच्या भिंतीत १५ सेंटीमीटरचं भोक पाडणं म्हणजे धूळच धूळ.

व्हेंटिलेशनची हवा खेचणारी झडप शेगडीच्या डोक्यावर ठेवू देऊ नका, दीड-दोन मीटर लांब ठेवा. तिच्यातली जाळी महिन्यातून एकदा काढून साबणाच्या गरम पाण्यात टाकायची. आमच्या जाळीवर हळदीचा पिवळा चिकट थर जमतो, बोटानं पुसला तर बोट पिवळं होतं, आणि तो पाइपात न जाता जाळीवर अडकतोय हे बघून बरं वाटतं.

हिवाळ्यात घर कोरडं पडतं ही तक्रार मात्र खरी आहे. आमच्याकडे आईचा तंबोरा आहे, त्यासाठी मी ओलाव्याचं मीटर लावून ठेवलंय. ओलावा सुद्धा परत देणारा एक्स्चेंजर असतो, एन्थाल्पी म्हणतात, तो घ्याच घ्या. थोडा महाग आहे पण मुलांचे ओठ फुटणं, नाकातून रक्त येणं हे टळतं. मीटर जानेवारीतही ४० च्या जवळ असतं आमचं, त्यात भात, कुकर आणि घरात वाळणारे कपडे यांचाही हात आहे म्हणा.


सह्याद्रीचा_वारा

माझं थोडं वेगळं मत आहे. एवढा खर्च व्हेंटिलेशनवर करायलाच हवा का? फिल्टर बदला, पाइप साफ करा, मशीन पंधरा-वीस वर्षांनी बदला. आम्ही दिवसातून तीनदा खिडक्या उघडून पाच-दहा मिनिटं वारा खेळवतो, इथले लोक पिढ्यानपिढ्या हेच करत आलेत, श्टोसल्युफ्टन. आमच्याकडे बुरशी नाही, काही नाही. त्याऐवजी तो पैसा खिडक्यांना बाहेरून लावायच्या पडद्यांवर घाला, श्टुटगार्टच्या खोऱ्यात उन्हाळा आता सोसवत नाही.


उष्णता_गणित

सह्याद्रीचा_वारा, तुमचं घर कधीचं आहे? कारण जुन्या घरात फटींतूनच बरीच हवा बदलते. नवीन घर ब्लोअर डोअर टेस्टला उभं राहतं, पंखा लावून ५० पास्कल दाबाला तासाला घरातली किती हवा फटींतून जाते ते मोजतात, व्हेंटिलेशन असलेल्या घराला ती मर्यादा १.५ पट आहे, नसलेल्याला ३. शिवाय डीआयएन १९४६-६ प्रमाणे नवीन घराला व्हेंटिलेशनचा आराखडा लागतोच, आणि त्यात ओलीपासून संरक्षण हे माणसानं खिडकी उघडण्यावर अवलंबून ठेवता येत नाही. दोघं नोकरीला, मुलं शाळेत, दुपारी तीनला खिडकी कोण उघडणार? आणि रात्री? बंद दाराच्या बेडरूममध्ये दोन माणसं झोपली की पहाटे हवा कोंदटलेली असते, डोकं जड होतं, हे तर सगळ्यांनीच अनुभवलंय.

बाहेरच्या पडद्यांबद्दल मात्र शंभर टक्के सहमत. ते आणि व्हेंटिलेशन यात एकच निवडायचं असं मी म्हणणार नाही, पण किचनच्या महागड्या दगडी ओट्यातून थोडे पैसे काढून पडद्यांत घाला असं नक्की म्हणेन.

काळीमिरीताईंनी कोरडेपणाचं लिहिलं ते का होतं ते सांगतो. बाहेर उणे ५ आणि ओलावा ८० टक्के असला तरी त्या एक घनमीटर हवेत पाणी असतं जेमतेम पावणेतीन ग्रॅम. तीच हवा २१ अंशांना तापली की तिची पाणी धरायची ताकद १८ ग्रॅमच्या वर जाते, म्हणजे ओलावा उरला १५ टक्के. खिडकी उघडली तरी हेच होतं, व्हेंटिलेशननंच हवा कोरडी होते असं नाही. म्हणून आई-बाबा नसतात तेव्हा, घरात माणसं कमी असतील तेव्हा, हवेचं प्रमाण कमी करा, १५० वर कायम ठेवू नका.


नवंघर_हेरेनबर्ग

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री बायकोबरोबर बसून उष्णता_गणित यांचा हिशोब कागदावर परत मांडला आणि एका कपाटवालं कोटेशन बाजूला ठेवलं, तिलाही पटलं. आयसाँगवर बघितलं, आमच्या इथे बोअरची खोली खरंच मर्यादित आहे, तोही विषय संपला. हाइत्सलास्ट काढायला स्वतंत्र एनर्जीबेराटरला सांगितलंय, एन्थाल्पी धरूनच.

अजून तीन शंका. शेजारचं घर आमच्या हद्दीपासून फार लांब नाही, त्यांची बेडरूम आमच्याच बाजूला येणार असं दिसतंय, मग बाहेरचं युनिट कुठे ठेवू? दुसरं, फ्लोअर हीटिंगमधूनच उन्हाळ्यात गार करता येतं म्हणतात ते कितपत खरं? बाबांना उकाड्याचा त्रास होतो, हृदयाचं दुखणं आहे, त्यामुळे हा प्रश्न आमच्यासाठी महत्त्वाचा आहे. आणि तिसरं, खोल्यांचे थर्मोस्टॅट लावावे की नाही, इथे कुणी म्हणतं सगळे काढून टाका.


उष्णता_गणित

आवाजाचं आधी. टीए लेर्म नावाचा नियम आहे, रात्री १० ते सकाळी ६, साध्या रहिवासी वस्तीत शेजाऱ्याच्या उघड्या खिडकीबाहेर अर्ध्या मीटरवर ४० डेसिबल, निव्वळ रहिवासी वस्तीत ३५, मिश्र किंवा गावठाण भागात ४५. तुमची वस्ती कुठल्या वर्गात आहे ते बेबाउउंग्सप्लानमध्ये, म्हणजे वस्तीच्या बांधकाम आराखड्यात, लिहिलेलं असतं. ३५ असेल तर जागा फार विचारानं निवडा. दोन भिंतींच्या कोपऱ्यात तर ठेवूच नका, प्रत्येक भिंतीवरून आवाज परत फिरतो आणि साधारण ३-३ डेसिबल वाढतो. लोकांना वाटतं कोपऱ्यात लपवलं की आवाज कमी, होतं उलटं. मला विचाराल तर रस्त्याच्या बाजूला, घराच्या दर्शनी भागात ठेवा, दिसायला थोडं कमी सुंदर पण शेजाऱ्याशी संबंध चांगले राहतात. हीट पंप संघटनेच्या साइटवर आवाजाचं कॅल्क्युलेटर आहे, मशीनचा आकडा आणि अंतर टाकून बघा, आणि त्याची प्रिंट शेजाऱ्यांना आधीच दाखवा, काम सुरू व्हायच्या आधी, चहाला बोलावून.

प्रोपेनवर, म्हणजे आर २९० वर चालणारा घेत असाल, आणि तोच घ्यावा असं माझं मत आहे कारण हवामानावर त्याचा परिणाम नगण्य आहे आणि पुढच्या बंदीच्या नियमांची टांगती तलवार नाही, तर अजून एक गोष्ट. प्रोपेन हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली साचतो, म्हणून युनिटभोवती कंपनीनं सांगितलेल्या अंतरात दार, खिडकी, गटाराचं तोंड, खड्डा असलं काही चालत नाही. दर्शनी भागात पावसाच्या पाण्याची जाळी कुठे येते ते बघून जागा ठरवा.

आणि युनिटखालचं पाणी. थंडीत बाष्प गोठतं, मशीन ते अधूनमधून वितळवतं, दमट दिवशी बादल्या भरतील एवढं पाणी पडतं. ते पाइपानं खाली, गोठत नाही एवढ्या खोलीवर खडीच्या थरात जायला हवं. नाहीतर दाराजवळच्या वाटेवर बर्फाचा काचेसारखा थर होतो आणि आई-बाबा डिसेंबरमध्ये आले तर पाय घसरायला वेळ लागणार नाही.

गार करण्याचं. होतं, पण एसीसारखं नाही. आतमध्ये २६ अंश आणि ६० टक्के ओलावा असेल तर साडेसतरा अंशांना थंड पृष्ठभागावर दव धरायला लागतं, म्हणून फ्लोअर हीटिंगच्या पाइपातलं पाणी १८-२० च्या खाली नेता येत नाही, ओलाव्याचा सेन्सर लावावाच लागतो. फरक पडतो दोन-तीन अंशांचा. २९ ची खोली २६ वर येते, त्यात बाबांना झोप लागेल. पण खरा बचाव बाहेरचे पडदे, ऊन काचेच्या आत आलं की मग कितीही गार करा. दक्षिण आणि पश्चिमेच्या खिडक्यांना मोटरवाले बाहेरचे पडदे, आणि व्हेंटिलेशनला उन्हाळ्याचा बायपास, म्हणजे रात्रीची गार हवा तापवल्याशिवाय आत येते. बाबांच्या खोलीसाठी तरीही भिंतीतून एका स्प्लिट एसीच्या पाइपाची आणि वायरीची सोय आत्ताच करून ठेवा, लागला तर बसवता येईल, दुपारी सोलारची वीज असतेच.

थर्मोस्टॅट कायद्यानं लागतात, काढून टाका असं कुणी सांगितलं तरी सरसकट काढू नका, फक्त अगदी लहान खोल्यांना सूट आहे. ते वरच्या आकड्यावर ठेवायचे म्हणजे सगळी सर्किट उघडी राहतात आणि पंपाला पाणी फिरवायला जागा मिळते, आणि खोल्यांचं तापमान वाटप पाइपांच्या मॅनिफोल्डवर, म्हणजे सगळे पाइप जिथे एकत्र येतात तिथे, त्या छोट्या काचेच्या नळ्यांतल्या लाल तबकड्या बघत, पाण्याच्या प्रवाहानं जुळवायचं. पहिल्या हिवाळ्यात दोन-तीन आठवडे यात जातात, घाई करू नका, एक बदल केला की दोन दिवस थांबा. हे नीट जमावं म्हणून जमिनीतल्या पाइपांचं अंतर १० सेंटीमीटर मागा, बाथरूममध्ये त्याहून कमी, म्हणजे उणे १२ ला सुद्धा पाणी ३०-३२ अंशांवर भागतं. पाइप स्वस्त असतो, नंतर मात्र एस्ट्रिश, म्हणजे पाइपांवरचा सिमेंटचा थर, फोडता येत नाही.

विजेचं राहिलंच. १ जानेवारी २०२४ पासून, ४.२ किलोवॅटपेक्षा जास्त वीज खेचणारा नवीन हीट पंप असेल, आणि त्यात कॉइल पण मोजतात, तर ग्रिडवर ताण आला की वीज कंपनी तो थोडा वेळ ४.२ पर्यंत खाली आणू शकते, बंद नाही करत. बदल्यात ग्रिडच्या शुल्कात सूट मिळते. तुमच्या छोट्या मशीनला याचा काही त्रास होणार नाही, कॉइल धरून ते ४.२ च्या वर जात असेल तर सूट मात्र मागून घ्या.


काळीमिरी_उल्म

स्लॅबच्या ड्रॉइंगचं विसरू नका. आमच्याकडे व्हेंटिलेशनचे ७५ मिलिमीटरचे पाइप स्लॅबमध्येच टाकलेत, प्रत्येक खोलीला एक-दोन, ते सगळे मशीनजवळच्या डब्यापाशी एकत्र येतात आणि तिथे सळयांमध्ये गर्दी होते. पाइप कुठून कुठे जातात ते काढून काँक्रीटच्या आधी श्टाटिकरला, म्हणजे स्ट्रक्चरल इंजिनिअरला, दाखवा, तो काही पाइप सरकवायला सांगतोच. आणि बेडरूमच्या पाइपात आवाज अडवणारा तुकडा बसवायला सांगा, नाहीतर मुलांच्या खोलीतलं बोलणं पाइपातून तुमच्या खोलीत ऐकू येतं.


नवंघर_हेरेनबर्ग

हे फारच उपयोगी, श्टाटिकरची मीटिंग गुरुवारी आहे, तेव्हा पाइपांचं ड्रॉइंग घेऊनच जातो. हूडच्या भोकाची जागा आणि बाबांच्या खोलीच्या स्प्लिटची वाट पण त्यातच मार्क करून घेतो. एनर्जीबेराटरचे खोलीनिहाय आकडे आले की इथे टाकतो, उष्णता_गणित दादा, तेवढे एकदा नजरेखालून घालाल का?


उष्णता_गणित

जरूर टाका. सोबत प्रत्येक खोलीला जमिनीवर काय येणार आहे तेही लिहा, लाकडी पार्केट की टाइल्स, त्यावर पाण्याचं तापमान बदलतं.